बघायला येणं आणि बसायला येणं

काकींनी चौथ्या केमोला नाही म्हटलं, तो शिमग्यानंतरचा आठवडा होता. पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली होती, चाकरमानी मुंबईच्या गाड्यांना लागले होते. डे-केअर वॉर्डातल्या सिस्टरनी माझ्या टेबलावर फाइल आणून ठेवली. "सुई लावून घेत नाहीत. नवरा बाहेर बसलाय, तोही काही बोलत नाही. तुम्ही बघा."

मी सिंधुदुर्गातल्या एका रुग्णालयात समाजसेविका आहे. माझ्याकडची कामं बहुतेक कागदांची: रेशनकार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी, मुंबईला जायचं तर राहायची सोय. 'पेशंट ऐकत नाही' हे त्यातलं सगळ्यात अवघड काम, कारण त्याचा फॉर्म नसतो.

हे लिहायला काकींची परवानगी आहे. "लिव, पण नाव घालू नको," एवढीच अट. म्हणून नाव नाही आणि गावही नाही. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधली किनारपट्टी, एवढं पुरे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत.

काकी ५१ वर्षांच्या. बावीस वर्षं एकाच बाजारात, एकाच जागी बसून मासे विकतात. नवरा होडीवर खलाशी. मुलगा मुंबईत नोकरीला, सून आणि दीड वर्षांची नात गावी. डाव्या स्तनातली गाठ हाताला लागली ती गणपतीच्या चार दिवस आधी, न्हाणीत. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. घरात बारा माणसं यायची होती, आणि पावसाळ्यातली बंदी उठून मासळीचा जोर नुकता सुरू झाला होता. शिवाय गाठ दुखत नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण 'दुखत नाही म्हणजे साधी' हा समज आमच्याकडे फार पक्का आहे. खरं तर स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दिवाळी झाल्यावर त्यांनी सुनेला दाखवलं. ऑपरेशनआधी घरच्यांनी देवाला कौल लावला, तो उजवा पडला. डिसेंबरात मुंबईत ऑपरेशन झालं. स्तन आणि काखेतल्या गाठी (म्हणजे लसिका ग्रंथी) काढल्या. त्यातल्या दोन गाठींत रोग पोचलेला होता, म्हणून दर २१ दिवसांनी एक अशा आठ केमो ठरल्या. त्या गावाजवळ, आमच्याकडे घ्यायच्या होत्या. पहिल्या चार डॉक्सोरुबिसिनच्या. आमच्या वॉर्डात त्याला सगळे 'लाल औषध' म्हणतात, कारण ते दिसतं लाल आणि त्यानंतर दिवसभर लघवीही लाल होते.

तीन झाल्या होत्या. चौथी म्हणजे लाल औषधातली शेवटची. इथवर येऊन सोडायचं म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने वेडेपणाच होता.

मी विचारलं, "काकी, त्रास फार होतो का?"

"त्रास सगळ्यांकाच होता," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "कोणासाठी करूचा ह्या सगळा?"

आम्ही मनाचा त्रास मोजायला एक चित्र वापरतो. तापमापकासारखी उभी पट्टी, खाली शून्य, वर दहा. पेशंटने बोट ठेवायचं. चार किंवा त्याच्या वर बोट गेलं तर पुढे सविस्तर बोलायचं असतं. काकींनी नवावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हयसर." नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, तिचे गुण १६ आले. दहा किंवा त्याच्या वर काळजी करावी असं मानतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे त्या थांबल्या. "मेलंय तर बरां, सगळे सुटतले." स्वतःला काही करून घ्यायचा बेत नव्हता, तेवढं नीट, उघड विचारून घेतलं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं आणि एक गोळी सुरू झाली. पुढची गोष्ट मी मैत्रिणींची म्हणून सांगणार आहे, म्हणून ही गोळी आधीच सांगून ठेवते. नुसत्या मैत्रिणींनी सगळं निभावलं असं लिहिणं खोटं ठरेल. ज्यांना तज्ज्ञापर्यंत लगेच पोचता येत नाही त्यांच्यासाठी २०२२ पासून सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. आमच्या भागात डोंगरापलीकडे रेंज नसते, हा वेगळा प्रश्न.

पहिल्या दिवशी फाइलमध्ये मी लिहिलं होतं: 'कौटुंबिक आधार – चांगला.' घरात माणसं आहेत, नवरा प्रत्येक खेपेला सोबत येतो, मुलगा रोज रात्री फोन करतो, शेजारीपाजारी विचारपूस करतात. कागदावर आणखी काय हवं? हे वाक्य मी नंतर खोडलं नाही. खाली तारीख घालून दुसरं लिहिलं.

विचारपूस भरपूर होती, हे खरं. कोकणात आजारी माणसाला 'बघायला' जातात. न जाणं म्हणजे वैर. बिस्किटांचा पुडा, शहाळी, कधी घरचे पोहे घेऊन येतात, पडवीत खुर्ची ओढून बसतात आणि बघतात. काकींच्या डोक्यावरचा पदर सरकला की बघतात. छातीकडे बघतात आणि मग घाईने दुसरीकडे बघतात. बोलणं ठरलेलं: "काय खाल्ल्यानीत म्हणून झाला?" "आमच्या चुलत्याच्या बायकोक असाच झालेला," आणि तिचं पुढे काय झालं ते मात्र सांगायचं नाही. कोणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कोणी लक्ष्मणफळ, कोणी करणीचा संशय घेतला. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य, "धीर धर गो, पॉझिटिव्ह ऱ्हव." 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाडीवर कुठून पोचला कोण जाणे. काकींना तो रिपोर्टवर वाचलेला माहीत होता, गाठी पॉझिटिव्ह. तो चांगला शब्द कसा, हे त्यांना कळेना.

प्रत्येकाच्या समोर त्यांना बरं दिसावं लागे. पाहुणा गेला की दमून आडवं व्हायचं. म्हणजे आधार देणाऱ्यांचा भार तीच बाई उचलत होती.

एक गोष्ट मात्र त्यांनी वेगळी काढून सांगितली. शिमग्यात देवळासमोर गाऱ्हाणं घातलं, त्यात गावकराने नाव न घेता म्हटलं, "ह्या तुझ्या लेकरावर जा काय संकट इला आसात ता दूर कर रे म्हाराजा," आणि सगळा गाव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" काकी म्हणाल्या, तेव्हा कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे देवाकडे बघत होते. त्या रात्री त्यांना झोप लागली.

हे मी ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं, पण तेव्हा मला त्यातलं काही समजलं नाही.

मला सुचलं ते पुस्तकातलं. आमच्याकडे महिन्यातून एकदा कॅन्सरच्या बायकांची बैठक असते. गोल बसायचं, एकेकीने आपलं सांगायचं. काकींना बोलावलं. त्या आल्या, कोपऱ्यात बसल्या, बोलल्या नाहीत. त्या दिवशी एका बाईने सांगितलं की चार वर्षांनी रोग हाडात परत आलाय. काकींनी चहा अर्धा टाकला आणि निघून गेल्या. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "बाय, माका माझाच पुरा होयना, तेंचा खंय ठेवू?"

यात माझी चूक होती आणि ती टाळता येण्यासारखी होती. १९८९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी ८६ बायकांचा अभ्यास छापला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या या बायका. त्यातल्या ज्या दर आठवड्याला गटात बसत होत्या त्या सरासरी जवळजवळ दुप्पट जगल्या, असं त्यात आलं. जगभर गट निघाले, आमचाही त्याच पिढीतला. २००१ साली कॅनडातल्या २३५ बायकांवर तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. दुखणं आणि मनाचा त्रास मात्र कमी झाला, तोही ज्यांना आधी जास्त त्रास होता त्यांचाच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ व्हिकी हेल्गेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की ज्या बायकांना घरून आधार नव्हता त्यांना अशा समदुःखी गटाचा उपयोग झाला, आणि ज्यांना घरी चांगला आधार होता त्यांना उलट त्रास झाला. म्हणजे औषधासारखंच, कोणाला, कधी, किती. केमोच्या मधोमध असलेल्या बाईला मी रोग उलटलेल्या बाईशेजारी बसवलं होतं. आता आम्ही बैठका वेगळ्या घेतो, उपचार चालू असलेल्यांची एक आणि रोग परतलेल्यांची दुसरी.

मग मी विचारायची पद्धत बदलली. 'तुमच्या जवळचं कोण आहे' असं विचारलं की माणूस नातेवाइकांची नावं सांगतो. त्याऐवजी विचारलं, "काकी, आजारी पडायच्या आधी सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही कोणाशी सगळ्यात जास्त बोलायचात?"

लगेच उत्तर आलं. बाजारातल्या तिघी. एक उजवीकडे, दोन डावीकडे. पहाटे लिलावाला एकत्र जायचं, टेम्पोचं भाडं वाटून घ्यायचं, बर्फ वाटून घ्यायचा. एकीचं गिऱ्हाईक घासाघीस करून उठलं की दुसरीने हाक मारायची नाही, हा नियम. भांडण झालं तर दुपारपर्यंत, डबा उघडायच्या आत मिटायचं. बाळंतपणं, नवऱ्याची दारू, मुलांची लग्नं, सगळं त्या फळीवर बसून झालेलं.

"त्या येतात?"

काकींचा चेहरा बंद झाला. "पयल्या म्हयन्यात इल्ली एक. मगे कोण येणत नाय." आणि जरा वेळाने, "आजार उडान लागता काय तेंका?"

इथे खरं दुखणं होतं. केमो नको म्हणण्यामागे सुया नव्हत्या, उलट्या नव्हत्या. बावीस वर्षांच्या तिघी आपल्याला शिवायला घाबरतात, आपली जागा एव्हाना कोणीतरी घेतली असेल, मग बरं होऊन जायचं कुठे, असा तो हिशोब होता. कॅन्सर स्पर्शाने किंवा ताटातल्या भाताने लागत नाही, हे मी गावोगाव सांगते. पण काकींना ते माहीतच होतं. त्या तिघींना माहीत नसेल, असं त्यांना वाटत होतं.

मी घरी गेले. सून पडवीत कुळीथ निवडत होती. पोर झोपलं होतं. सासू आत. सून हळू आवाजात बोलायला लागली आणि पाच मिनिटांत सगळा गुंता बाहेर आला.

दुसऱ्या केमोनंतर चौथ्या दिवशी त्यातली एक बाजारातून थेट आली होती, हातात पाटी, लुगड्याला मासळीचा वास. आल्या आल्या काकींना ओकारी आली, मग थांबेचना. केमोत नाक फार तिखट होतं. साधा फोडणीचा वास सोसत नाही. आणि एखाद्या वासाची ओकारीशी गाठ पडली की पुढे नुसत्या आठवणीनेही मळमळतं. आमच्याकडे काही पेशंटना वॉर्डाचा जिना चढतानाच उलटी होते. काकी तर बावीस वर्षं त्या वासात जगल्या होत्या, घरचं सगळं त्यावरच चाललेलं. त्याच वासाने आपण ओकतो याची त्यांना भयंकर लाज वाटली, आणि त्या दिवशी त्या मैत्रिणीकडे न बघता आत गेल्या. सुनेने दारात उभं राहून सांगितलं, "थोडे दीस येव नको." डॉक्टरांनीही गर्दी टाळायला सांगितलं होतं. तेही बरोबरच होतं, कारण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी खाली येतात आणि साधा सर्दी-तापही अंगावर येऊ शकतो. सुनेने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि दार लावलं. बघायला येणाऱ्या नातेवाइकांना मात्र ती नाही म्हणू शकत नव्हती. सून ती. सासरच्या माणसांना कोण अडवणार?

हे तिने सासूला सांगितलं नव्हतं. आधी वाईट वाटेल म्हणून, मग उशीर झाला म्हणून.

मी सुनेला दोष देत नाही. चोवीस वर्षांची मुलगी, अंगावरचं पोर, नवरा मुंबईला, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला चहा. तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं की तू कशी आहेस. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. बांगड्याचा ढीग होता, सुरमई थोडी आणि महाग. तिघींना शोधायला वेळ लागला नाही, कारण उजवीकडची एक, मग रिकामी जागा, मग डावीकडच्या दोघी. रिकाम्या जागेवर एक पाट उपडा घातला होता, त्यावर प्लास्टिकचा टब. मी म्हटलं, ही जागा कोणाची? उजवीकडची माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिची. जागा खंय जाता?" दोघी नव्या बायका आल्या होत्या बसायला, दोघींना उठवलं होतं. बाजारकर आकारणारा माणूस येतो तेव्हा काकींच्या जागेचे पैसे तिघी वाटून भरत होत्या. साडेतीन महिने.

"मग तुम्ही घरी का जात नाही?"

"तिच्या सुनेन सांगल्यान येव नको म्हणान. डाक्टरान सांगल्यान आसतला. आणि आमका बघून ती आत गेली." मग जरा रागाने, "आमचो वास येता ना आता."

दोन्हीकडे तीच समजूत, उलटसुलट. काकींना वाटे आपल्याला टाळतात, यांना वाटे आपल्याला टाळते. मध्ये एक दार होतं आणि त्या दारात कोणाचाच वाईट हेतू नव्हता. अशा गाठी बघितल्या की मला समुपदेशनाच्या मोठ्या तंत्रांचं जरा हसू येतं. तिथे कोणीतरी दोन्ही घरी जाऊन आलं असतं तरी पुरलं असतं.

जागेची गोष्ट मी काकींना सांगितली. सुनेची सांगितली नाही, तिनेच सांगायची असं ठरलं. उपडा पाट, टब, बाजारकर. काकींनी तीनदा विचारलं, "टब निळो काय?" निळाच होता. त्यांचाच.

पुढचं सगळं साधं आहे, पण साधं करायलाच वेळ लागला. वासाचं काय करायचं? उत्तर तिघींनीच दिलं. आमच्याकडे सोमवारी बरेच लोक मासे खात नाहीत, बाजार थंड असतो. सोमवारी दुपारी, घरी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या येणार. पेशी खाली असतात त्या दिवसांचं काय? मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत लाल पेनने खुणा केल्या. पांढऱ्या पेशी वगैरे सांगायला लागले तर एकीने मध्येच थांबवलं. "म्हंजे ओहोटी. मगे भरती येतली." बरोबर तेच. या बायका तिथीवर जगतात. उधाण कधी, भांग म्हणजे मंद भरती-ओहोटी कधी, त्यांना पाठ असतं. ओहोटीच्या दिवसांत यायचं नाही, अंगणाबाहेरून हाक मारून जायचं. कोणाला खोकला-सर्दी असेल तर तिने घरीच राहायचं. बसायचं आत नाही, पडवीत, वारा येतो तिथे.

पण या तिघींची भेट चौथी केमो झाल्यावर असं मी ठरवलं नव्हतं, म्हणजे बक्षीस म्हणून नव्हे. पहिला सोमवार चौथ्या केमोच्या आधीच आला. मी त्या दिवशी तिथे होते. तिघी आल्या, पायरीवर चपला काढल्या, आणि काकी पदर सावरत उठायला लागल्या, पाहुणे आल्यावर उठतात तशा. उजवीकडची म्हणाली, "बस गो. तुका बघूक नाय इलंव. बसाक इलंव."

आणि बसल्या. एकीने बरोबर माडाची झावळं आणली होती, ती खराट्यासाठी हीर काढायला लागली. दुसरीने सुनेच्या हातातलं पोर घेतलं. तब्येतीचं कोणी विचारलं नाही. मोरी मासळीचा भाव काय, कोणाची होडी बंद पडली, कोणत्या हॉटेलवाल्याने पैसे थकवलेत, पाऊण तास हेच. काकींनी हात पुढे करून दोन झावळं घेतली आणि हीर काढू लागल्या. मध्ये एकदा रडल्याही. कोणी 'रडू नको' म्हटलं नाही. हीर काढणं चालू राहिलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उजवीकडच्या बाईने तिला हाक मारून म्हटलं, "तू पण बस मगे."

चौथी केमो नऊ दिवस उशिरा झाली. उशीर बरा नाही, पण सुटण्यापेक्षा बरा.

नवऱ्याबद्दल थोडं. हा माणूस प्रत्येक केमोला बाहेरच्या बाकावर सहा-सहा तास बसायचा, एक शब्द न बोलता. घरी पेज करायचा, उकड्या तांदळाची, बरोबर. संध्याकाळी पिणं वाढलं होतं. त्याला समोर बसवून 'तुमच्या भावना सांगा' म्हटलं तर तो उठून गेला असता. त्याला काम हवं होतं. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर जाण्यासाठी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम असतो. काकी तो टाळत. मी नवऱ्याला सांगितलं, रोज संध्याकाळी बोट पोचेल तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि तारीख लिहायची. माजघराची भिंत खुणांनी भरली. पोरांची उंची मोजतात तशा खुणा, फक्त ही उंची परत मिळवायची होती. पिणं सुटलं नाही, पण ते व्यायामानंतर सुरू व्हायला लागलं. मी याला प्रगती म्हणून नोंदवलं. माझ्या वरिष्ठांना ते आवडलं नाही.

मुलगा रोज फोन करून विचारायचा, "बरी आसस मां?" उत्तर ठरलेलं, "बरी आसंय." त्याला एवढंच सांगितलं की हा प्रश्न सोड, बाजारात आज काय आलं ते विचार. सोमवारनंतर काकींकडे ते उत्तर असायचं.

पाचव्या केमोपासून औषध बदललं. ओकाऱ्या कमी झाल्या, पण बोटांना मुंग्या येऊन ती बधिर झाली, सुटे पैसे मोजता येईनात. जुलैच्या पावसात आठवी झाली. मग ऑगस्टात परळला टाटा रुग्णालयात रेडिएशन, तीन आठवडे, १५ सिटिंग. राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. मला भीती होती की सोमवार तुटले की काकी पुन्हा खाली जातील. पट्टीवर बोट सहापर्यंत वर गेलंही. पण तिथे एक गंमत झाली. धर्मशाळेत बायका बोलायच्या ते जिन्यावर, रांगेत, कपडे वाळत घालताना. नव्याने उगवलेले केस कोणाचे कुरळे आले, कोणाचे पांढरे, याची तुलना. डोकं झाकायला कोणाचा रुमाल चांगला. जळगावची एक, बीडची एक आणि आमच्या काकी, असं त्रिकूट जमलं. माझ्या गटात काकींनी जे ऐकून घेतलं नाही ते तिथे ऐकलं आणि स्वतःचं सांगितलंही. कोणी 'आता तुमची पाळी' म्हणत नव्हतं, एवढाच फरक असेल. दिवाळीनंतर बीडची बाई गेली. तिच्या मुलाने फोन करून कळवलं. काकी चार दिवस जेवल्या नाहीत. समदुःखी जोडले की हे दुःखही त्यांच्याबरोबर येतं. मग सोमवारी तिघी आल्या. त्यांनी त्या बाईला कधी बघितलं नव्हतं, तरी त्या दिवशी हीर कोणी काढले नाहीत.

ऑक्टोबरात काकी बाजारात परतल्या, आधी सकाळी दोनच तास. यावर वाद झाला. काखेतल्या गाठी काढलेला हात सुजू शकतो. पूर्वी अशा बायकांना वजनच उचलू नका सांगत. २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही असं दिसलं, तेव्हापासून सल्ला मवाळ झाला. पण एकदम डोक्यावर पाटी नाही. आणि मासळीचा काटा त्या हाताला टोचला तर जंतुसंसर्ग होऊन हात लाल होऊन फुगू शकतो. हे विकणाऱ्या बाईला कसं सांगायचं? तिघींनी वाटणी केली. मासे साफ करणं आणि बर्फ फोडणं त्यांच्याकडे, भाव ठरवणं आणि पैसे घेणं काकींकडे. डाव्या हातात जाड रबरी मोजा. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने मोज्याबद्दल विचारलं, तर उजवीकडची म्हणाली, "फॅशन आसा."

बोट आता तीनवर असतं, कधी चार. प्रश्नावलीचे गुण सात. हार्मोनची रोजची गोळी पाच वर्षं घ्यायची आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी. दाराची गोष्ट सुनेने सासूला सांगितली की नाही, मला माहीत नाही. एकदा काकी सहज म्हणून गेल्या, "तिना माझ्यासाठीच केल्यान," आणि विषय बदलला.

मागच्या तपासणीला पुढची तारीख बुधवारची निघाली. काकींनी केसपेपर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, ही बदलून सोमवारची दे. मी म्हटलं, सोमवारी तर त्या तिघी घरी येतात ना? "तेंका घेवनच येतंय," काकी म्हणाल्या. "बुधवारी धंदो आसता."